18.1/11.3 : आप्पांचं बीपी नेमकं किती?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) : माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय 71. बरीच वर्षं बीपीची गोळी चालू आहे. दिवाळीत पुतण्याने परदेशातून बीपीचं मशीन आणून दिलं. सुरुवातीला त्यावर 130, 138 असे नेहमीचे आकडे यायचे. गेल्या आठवड्यात सेल बदलताना आप्पांकडून काहीतरी बटण दाबलं गेलं आणि तेव्हापासून 18.1/11.3 असले आकडे येतात. आप्पा म्हणाले, "120च्या किती खाली आलंय बघ, आता गोळी कशाला?" चार दिवस झाले, गोळी बंद आहे. शेजारचे काका जहाजावर नोकरीला होते. ते म्हणतात, ब्राझीलमध्ये बीपी 'बारा-आठ' असंच सांगतात, म्हणजे 18.1 हे 181 झालं, गोळी ताबडतोब डबल करा. आज सकाळी 20.5/12.8 आलं. नक्की कोणाचं खरं? मशीन बिघडलं का? माझा भाऊ म्हणतो डिजिटलवर विश्वासच ठेवू नका, जुनं पाऱ्याचं मशीन घ्या, त्याच्या ओळखीत एक विकायला आहे. आणि एक विचारते, या मशीनमध्ये पारा नाही, तरी डॉक्टर 'पाऱ्याचे मिलिमीटर' का म्हणतात? (नाव छापू नये. कराड.)

ताई,

आधी गोळीचं बोलते, बाकी सगळं नंतर. हे वाचून झालं की आप्पांच्या डॉक्टरांना फोन करा आणि चार दिवस गोळी बंद होती हे स्पष्ट सांगा. ते म्हणतील तशी, नेहमीच्याच मात्रेत, गोळी पुन्हा सुरू करा. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत. काकांच्या सांगण्यावरून डबल तर मुळीच नाही. बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की त्या एकदम तोडल्या तर दाब किंवा नाडीचा वेग उसळतो. आणि गरज नसताना डबल दिल्या तर म्हातारं माणूस रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊन पडतं. दोन्हीकडून धोका आहे, म्हणून हा निर्णय घरात घ्यायचा नाही.

आता आकडे. आप्पा चुकले आणि काकाही चुकले. मशीन मात्र बिघडलेलं नाही. ते बरोबर दाब दाखवतंय, फक्त वेगळ्या मापात. स्क्रीनच्या कडेला बारीक अक्षरं बघा. पूर्वी तिथे 'एमएमएचजी' (mmHg, म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर) दिसत असेल, आता 'केपीए' (kPa) दिसेल. केपीए म्हणजे किलोपास्कल. एक किलोपास्कल म्हणजे पाऱ्याचे साडेसात मिलिमीटर. तेव्हा किलोपास्कलच्या आकड्याला साडेसातने गुणलं की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. 18.1 गुणिले 7.5 म्हणजे 136. 11.3 गुणिले 7.5 म्हणजे 85. गेल्या आठवड्यात आप्पांचं बीपी 136/85 होतं. गोळी घेणाऱ्या 71 वर्षांच्या माणसाचा हा आकडा घाबरण्यासारखा नाही, आणि गोळी सोडण्यासारखा तर नाहीच.

आज सकाळचा आकडाही त्याच हिशोबाने बघा. 20.5 म्हणजे 154, आणि 12.8 म्हणजे 96. एकदा मोजून काही ठरत नाही, हे खरं. पण चार दिवस गोळी नाही आणि वरचं बीपी 136चं 154 झालं, खालचं 85चं 96 झालं. आप्पांना हे शेजारी शेजारी लिहून दाखवा. त्यांना वाटत होतं बीपी उतरलं म्हणून गोळी नको. प्रत्यक्षात ते गोळीमुळेच उतरलेलं होतं असं दिसतं. वाद घालण्यापेक्षा हे दोन आकडे त्यांना लवकर पटतील.

काकांचं ऐकून तुम्ही घाबरलात, पण ते मनाचं काही सांगत नव्हते. ब्राझीलमध्ये खरंच 'बारा-आठ' म्हणतात, फ्रान्समध्येही. तिथे लोक पाऱ्याचे सेंटिमीटर बोलतात, म्हणून 120/80 चं 12/8 होतं. तो आकडा दहाने गुणायचा असतो. तुमचा आकडा सेंटिमीटरचा नव्हता, त्यामुळे 181 हे उत्तर चुकलं. एकाच 18.1 या आकड्यावरून एका घरात गोळी बंद होते आणि शेजारच्या घरातून डबल करा असा निरोप येतो! कारण दोघांनीही फक्त आकडा वाचला, माप कोणी वाचलंच नाही. मी याच्यावर एवढा जोर देते त्याचं आणखी एक कारण आहे. 180/120 हा धोक्याचा आकडा आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. किलोपास्कलमध्ये तो दिसतो 24/16. उद्या कोणाच्या मशीनवर 24/16 आलं आणि घरच्यांनी 'किती कमी आहे' म्हणून त्यांना झोपवून ठेवलं, तर? तेच 16 वरच्या बीपीला आलं तर ते 120, म्हणजे अगदी छान.

मशीन पूर्ववत करणं सोपं आहे. अशा बऱ्याच मशीनमध्ये माप बदलायची सोय दिलेली असते. मशीन बंद असताना एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की सेटिंग उघडतं. कोणतं बटण ते कंपनीगणिक वेगळं, म्हणून खोक्यातला माहितीचा कागद शोधा. तो हरवला असेल तर मशीनच्या मागचा मॉडेल नंबर नेटवर टाकला की कागद मिळतो. मेडिकलवाल्याला दाखवलं तरी तो दोन मिनिटांत करून देईल. एकदा 'एमएमएचजी' आलं की पुढच्या वेळी सेल बदलल्यावर आधी ती अक्षरं बघायची, मग पट्टा बांधायचा, हे आप्पांना सांगून ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला तो सगळ्यांत आवडला. पारा नाही, तरी पाऱ्याचे मिलिमीटर कसे?

1643 साली इटलीत, फ्लॉरेन्समध्ये, टॉरिसेली नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुचवला. एका बाजूने बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरायची, तोंडावर बोट धरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करायची आणि बोट काढायचं. पारा थोडा खाली उतरतो आणि साधारण 760 मिलिमीटरवर थांबतो. बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्याला जेवढ्या जोराने दाबते, तेवढाच उंच स्तंभ ती तोलून धरते. म्हणजे दाब किती, याचं उत्तर पट्टीने मोजता येईल अशा उंचीत मिळालं. पाऱ्याचे मिलिमीटर म्हणजे एवढंच. 120 म्हणजे 120 मिलिमीटर उंच पाऱ्याचा खांब तोलून धरील एवढा दाब.

पाराच का, तर तो पाण्याच्या 13.6 पट जड आहे म्हणून. 120 मिलिमीटर पाऱ्याऐवजी पाणी वापरलं तर खांब 163 सेंटिमीटर उंच होईल, जवळजवळ माणसाएवढा. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या मांडीतल्या रोहिणीला काचेची नळी जोडून थेट रक्तच वर चढू दिलं होतं, ते हृदयाच्या पातळीपासून 8 फूट 3 इंच चढलं. हा प्रयोग त्यांनी 1733 साली प्रसिद्ध केला. रक्तदाबाचं हे पहिलं नोंदलेलं मोजमाप. पण आठ फुटी नळी घेऊन कोण रुग्ण तपासणार? 1828 मध्ये फ्रान्सच्या प्वाझय यांनी नळीत पारा घातला आणि सगळं मोजमाप टेबलावर मावलं. 1896 मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात रिव्हा-रॉची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा पाऱ्याच्या नळीला जोडला. नाडी बोटाखाली नाहीशी होते आणि परत लागते तो आकडा ते वाचत, त्यामुळे त्यांना फक्त वरचं बीपी मिळायचं. 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कॉव्ह यांनी कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवला आणि ठोके ऐकू येऊ लागतात तो क्षण वरचा, बंद होतात तो खालचा, असं सांगितलं. तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर पाऱ्याचं मशीन असेल तर ते आजही याच पद्धतीचं.

पुढच्या वेळी दवाखान्यात ते जवळून बघा. झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते. डॉक्टर रबरी फुगा दाबतात तसा पारा चढत जातो. मग किल्ली सैल करून तो सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर अशा बेताने उतरवतात. ठोका लागला की पाऱ्याचं टोक अगदी बारीक उडतं. नळीच्या बाजूची पट्टी बघितलीत तर लक्षात येईल, तिच्यावरची प्रत्येक रेघ दोन मिलिमीटरची आहे. 136 वाचता येतं, 138 वाचता येतं, 137साठी रेघच नसते. घाईत बरेच जण जवळच्या शून्यावर आकडा गाठतात, म्हणून केसपेपरवर वर्षानुवर्षं 140/90, 130/80 असेच गोल आकडे दिसतात. घरच्या मशीनवर 137 आणि दवाखान्यात 140 आलं तर दोघांत कोणी खोटं नाही.

तुमच्या डिजिटल मशीनमध्ये पारा नाही आणि ते ठोके ऐकतही नाही. पट्ट्यातली हवा सुटताना रोहिणीच्या प्रत्येक स्पंदनाने पट्ट्यातला दाब किंचित हलतो. मशीनमधला सेन्सर ही हालचाल टिपतो आणि तिच्या चढउतारावरून वरचा आणि खालचा आकडा हिशोबाने काढतो. आज पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे 133.322 पास्कल, हे आकड्यात पक्कं ठरलेलं आहे. त्यासाठी कुठे पारा भरून ठेवावा लागत नाही. सेन्सरला दाब कळला की तो कोणत्या मापात दाखवायचा एवढंच मशीन ठरवतं, आणि आप्पांच्या बटणाने तेच बदललं.

मग सगळं जग किलोपास्कलवरच का नाही गेलं? विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय मापपद्धतीत दाबाचं माप पास्कल हेच आहे, आणि तसे प्रयत्न झालेही. चीनने 1980च्या दशकात बीपीसाठी किलोपास्कल आणलं, पण 1998 मध्ये पाऱ्याच्या मिलिमीटरला परत मान्यता दिली. म्हणूनच तिथे बनलेल्या कितीतरी मशीनमध्ये दोन्ही मापं असतात. युरोपच्या कायद्यानेही रक्त आणि शरीरातल्या इतर द्रवांच्या दाबापुरती पाऱ्याच्या मिलिमीटरला मुभा ठेवली आहे. माझं मत विचाराल तर हे योग्यच झालं. शंभर वर्षांचे केसपेपर, औषधांचे सगळे अभ्यास, डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या डोक्यात बसलेला 140चा उंबरठा, हे सगळं या मापात आहे. औषधाच्या मात्रेशी जोडलेलं माप बदलायचं म्हणजे तुमच्या घरी झाला तो गोंधळ घरोघरी होऊ देणं.

माप उंचीचं आहे हे एकदा कळलं की बीपी मोजताना हाताच्या जागेबद्दल डॉक्टर एवढं का टोकतात तेही कळतं. हात हृदयाच्या पातळीच्या खाली लोंबत असला तर मधल्या उंचीतल्या रक्ताचं वजन त्या दाबात मिळतं. दर सेंटिमीटरला पाऱ्याचा जवळजवळ पाऊण मिलिमीटर वाढतो. हात दहा सेंटिमीटर खाली असला की सात-आठ मिलिमीटर आयते जास्त! 132चं 140 व्हायला एवढं पुरतं. आप्पा खुर्चीत बसून हात मांडीवर ठेवून मोजत असतील, तर टेबलावर उशी ठेवून पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत येईल असा हात ठेवायला सांगा. मनगटाच्या मशीनमध्ये हीच चूक सर्वांत जास्त होते, म्हणून दंडाचंच मशीन चांगलं.

पट्ट्याचंही तसंच. रिव्हा-रॉचींचा पट्टा फारच अरुंद होता, त्यामुळे आकडे खऱ्यापेक्षा जास्त यायचे. 1901 मध्ये जर्मनीच्या फॉन रेकलिंगहाउझेन यांनी तो रुंद केला. आजही जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी फुगून दिसतं. आप्पांचा दंड मधोमध टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या घेरात तो बसतो का बघा. नसेल तर मोठा पट्टा वेगळा मिळतो. सदऱ्याच्या बाहीवरून बांधू नका. बाही वर सरकवून दंडाला आवळत असेल तर सदराच काढा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना काही नको. लघवीला जाऊन यायला सांगा. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं, मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवरच्या बातम्याही बंद. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे धरायचे नाहीत, बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याहून वर राहिली तर डॉक्टर बीपी जास्त आहे असं धरतात. दवाखान्यात हा उंबरठा 140/90 असतो. आप्पांचं लक्ष्य मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण साखर आणि किडनी बघून ते बदलतं. नाडी अनियमित असेल तर डिजिटल मशीन गडबडतं, तेव्हा अशी शंका आली तरीही त्यांना सांगा. आकडा 180/120च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, यातलं काहीही असेल तर परत मोजत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

महाबळेश्वरला किंवा हवापालट करायला गेलात तर एक शंका मनात येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. तिथे उंचीमुळे हवेचा दाब 760 नसतो, साधारण 650 मिलिमीटर असतो. मशीनमध्ये काही फेरफार करायची गरज नाही. बीपीचे 120 हे हवेच्या दाबाच्या वरचे 120 असतात, कराडातही आणि महाबळेश्वरातही.

भावाला माझा निरोप द्या, ओळखीतलं पाऱ्याचं मशीन घेऊ नका. पारा मोजमापाला उत्तम, पण घरात ठेवायची वस्तू नव्हे. तापाच्या थर्मामीटरमध्ये जेमतेम ग्रॅमभर पारा असतो, बीपीच्या मशीनमध्ये त्याच्या कितीतरी पट. नळी फुटली की गोळे फरशीच्या फटीत जातात आणि त्याची वाफ घरभर होते, ना दिसते ना वास येतो. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांच्या पोटात गेला आणि माणसं, जन्मलेली बाळंसुद्धा, कायमची अधू झाली. 1956 मध्ये तो आजार उघडकीला आला. त्या गावाच्या नावाने 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानेही 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याची थर्मामीटरं आणि बीपीची मशीनं बनवणं थांबवण्यासाठी त्या करारात 2020 ही मुदत घातली होती, ती वाढवून घेण्याची सोय ठेवून. आणि जुनं मशीन आपोआप अचूक नसतं. पारा काळा पडला, शून्यावर बसेनासा झाला, की तेही चुकीचंच दाखवतं. शिवाय ते वापरायला स्टेथोस्कोप आणि शिकलेला कान लागतो. आप्पा एकटे कसं मोजणार?

घरात आधीच एखादं जुनं थर्मामीटर असेल आणि ते फुटलं, तर मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. अंगठी, बांगड्या काढून ठेवा, पारा सोन्याला चिकटतो आणि ते खराब करतो. जाड कागदाने गोळे एकत्र लोटून झाकणाच्या बरणीत भरा. केरसुणी फिरवू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच, आणि बेसिनमध्ये ओतू नका. बरणी कचऱ्यात न टाकता घातक कचरा म्हणून नगरपालिकेकडे द्या.

राहिली आप्पांची वही. त्यातले किलोपास्कलमधले आकडे खोडू नका. प्रत्येकाला साडेसातने गुणून शेजारी लाल शाईने लिहा, आणि गोळी बंद होती त्या चार दिवसांपुढे 'गोळी नाही' असं लिहा, डॉक्टरांना नेमकं तेच हवं असेल. पानाच्या वर मापही लिहून टाका. त्यांच्याकडे जाताना वहीबरोबर मशीनही पिशवीत घाला. त्यांच्या आणि तुमच्या मशीनने एकाच हातावर आळीपाळीने मोजून घ्या. पाचेक मिलिमीटरचा फरक पडला तर काळजी नको. त्याहून मोठा फरक दर वेळी पडत असेल तर दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मशीन तपासायला द्या, आणि तोवर आप्पांचं बीपी दवाखान्यातच बघून घ्या.